तिखट हात

मिरचीचे उपकार मानणारी बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. मी मानते, आणि अगदी मनापासून मानते.

एकोणीसशे तिसाच्या पुढचीमागची गोष्ट. आमच्या म्हसळ्याकडच्या गावातले निम्मे पुरुष तेव्हा मुंबईला गिरणीत असत आणि आगबोटीनं सणावाराला घरी येत. माझे यजमान आणि थोरले दीरही तिकडेच. घरी उरलो आम्ही तिघी: सासू, थोरली जाऊ आणि मी. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. शिवाय माझा मुलगा, नुकता बसायला लागलेला.

जाऊबाईंना मूल नव्हतं. माझ्या कितीतरी वर्षं आधी त्या या घरात आलेल्या. माझ्या बाळाला त्यांनी उचलायचं नाही, असं कुणी तोंडानं बोललं नव्हतं, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाळ पडवीत असलं की आत्याबाई त्यांना मागीलदारी काहीतरी काम काढून देत. बाळ जरा किरकिरलं की मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकत, आणि ठसका लागला नाही की दृष्ट लागली म्हणून मागीलदाराकडे बघत. आत्याबाई दुष्ट नव्हत्या. त्यांची स्वतःची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, तेव्हापासून त्या भ्यालेल्या होत्या. जाऊबाई दिलेलं काम उरकत राहत. राग यायचा तो मला, आणि धाकटी सून म्हणून तो गिळावाही लागायचा.

त्या वर्षी भात निघाल्यावर विहिरीजवळच्या वाफ्यांत मिरची लावली होती. ती अशी काही लागली की झाडं वाकली. शेजारी वाटली, सोयऱ्यांना धाडली. मी टोपली घेऊन निघाले की शेजारणी दार लोटून घ्यायच्या बेतात असत. लाल झालेली मसाल्यासाठी वाळत पडली, तरी हिरव्या मिरच्यांच्या टोपल्या पडवीत होत्या तशाच. हाताशी आलेलं नासू देणं आत्याबाईंच्या रक्तात नव्हतं. सगळ्या मिरच्या ताकात मुरवून, वाळवून ठेवायच्या, असं त्यांनी ठरवलं.

मिरचीला उभी चीर द्यायची, धने-मेथी-हिंग-मिठाचा कूट आत दाबून भरायचा, ताकात बुडवायची आणि उन्हात घालायची. संध्याकाळी पुन्हा ताकात, सकाळी पुन्हा उन्हात. ताक आटून मिरची पांढुरकी, कडक होईपर्यंत हेच. मग तळून भाताबरोबर घ्यावी; आजारी माणसाच्या तोंडालाही चव येते. चिरायला आणि भरायला पडवीत आत्याबाई आणि मी बसलो. ताक लागणार म्हणून जाऊबाईंना रवी देऊन मागीलदारी बसवलं. बाळाची झोळी पडवीतच टांगलेली होती ना!

दुपारपर्यंत आमच्या दोघींच्या हातांची नुसती आग होत होती. इतक्यात बाळ जागं झालं. दात येत होते, लाळ गळत होती. झोळी आत्याबाईंच्या हाताशी होती. त्यांनी सवयीनं बोटानं त्याचं तोंड पुसलं.

त्यानं टाहो फोडला. ओठ लालबुंद झाले, श्वास अडकला. मी धावले आणि हात पुढं करून तशीच थांबले, कारण माझेही हात तसलेच. हातांना राख चोळली, पाणी ओतलं, बोट स्वतःच्या ओठाला लावून पाहिलं, तर चटका. आत्याबाई तर कपाळ बडवायलाही हात उचलू शकत नव्हत्या. दोन बायका, चार हात, आणि पोटच्या पोराला लावण्याजोगा त्यातला एकही नाही.

रडणं ऐकून जाऊबाई आल्या आणि उंबऱ्यापाशीच थांबल्या. नुकतं लोणी काढलं होतं, हात कोपरापर्यंत पांढरे. त्या बाळाकडे बघत नव्हत्या. आत्याबाईंकडे बघत होत्या.

"थोरले, बघत काय ऱ्हायलीस? घे त्याला!" आत्याबाई ओरडल्या.

"मी?"

"व्हय, तूच! तुझंच हात निवलेलं हायेत."

जाऊबाईंनी त्याला उचललं. ओठांना, गालांना लोणी लावलं, पदराच्या टोकानं निपटलं, पुन्हा लावलं. हुंदके कमी झाले, तसा तो दुधासाठी तोंड वळवू लागला. मी हात पाठीमागं धरून बसले, पकडलेल्या चोरासारखी. जाऊबाईंनी माझी चोळी सोडली, मला टेकून बसल्या आणि दोन्ही हातांवर बाळाला माझ्या छातीशी धरून ठेवलं. तो पिऊ लागला. त्याची मूठ जाऊबाईंच्या बोटाभोवती मिटली. त्या रडत होत्या आणि डोळे पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. माझेही हात तिखट, मग मी माझा गाल त्यांच्या गालाला लावला.

मिरच्या संपेपर्यंत रोज असंच चाललं. बाळ जाऊबाईंच्या कडेवर, आम्ही दोघी मिरच्यांत. पोर त्यांच्याकडे बघून खिदळायचं, आणि आत्याबाई मान खाली घालून मिरची चिरत राहायच्या. शेवटची टोपली रिकामी झाली त्या संध्याकाळी जाऊबाईंनी त्याला आपण होऊन झोळीत ठेवलं, झोळीला एक झोका दिला आणि मागीलदारी निघून गेल्या. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. आत्याबाईंनी थांबही म्हटलं नाही. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वाफ्यात गेले आणि हाताला लागतील तेवढ्या मिरच्या तोडल्या. टोपली आणून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"डबं भरलं की गं सगळं! आता ह्या कोन खानार?"

"मुंबईला धाडू," मी म्हटलं.

त्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सुरी ओढून घेतली आणि एकही मिरची चिरायच्या आधी मागीलदाराकडे तोंड करून हाक दिली, "थोरले, ये गं, पोर घे. आमचं हात तिखट व्हनार हायेत."