तांबेऱ्याचं बोट

आत्याने गव्हाचं पान चिमटीतून ओढलं तेव्हा तिच्या बोटाला नारिंगी पूड लागली. तांबेरा, गव्हावरची बुरशी. गहू फुलोऱ्यात आणि हवा ढगाळ. आज फवारलं नाही तर दाणा भरायच्या आधीच पानं वाळतील. शेत ती एकटीच करते.

कृषी केंद्रात तिने तेच बोट पुढे करून बुरशीनाशक मागितलं. दुकानदाराने बोटाकडे बघितलंही नाही. "मालकांना पाठवा ना, ताई. औषधाचं काम आहे."

"मालक समोरच उभी आहे."

बाकावरचे दोघे हसले. मी आत्याच्या मागेच उभी होते, कान तापले होते. बुरशी वाऱ्यावर येते आणि कुणालाही न विचारता शेतात शिरते. तिला अडवायला निघालेल्या बाईने मात्र आधी स्वतःची ओळख पटवायची, तीही हसतमुखाने, नाहीतर ती भांडखोर.

आत्याने काउंटरच्या काचेवर बोट ओढलं. नारिंगी रेघ उमटली. तेव्हा कुठे तो उठला, आणि बाटली देता देता म्हणाला, "प्रमाण तेवढं घरी कुणाकडून वाचून घ्या."

मी त्याच्या हातातून बाटली ओढली आणि लेबल पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले.