तिवरांची नाकं

नव्वदच्या दशकात नौपाड्यातल्या आम्ही सात-आठ बायका रविवारी कोपरीच्या खाडीवर कचरा उचलायला जायचो. मला त्याचा भारी तोरा होता. पहिल्याच दिवशी तिवराच्या झाडांभोवती चिखलातून वर आलेल्या बोटभर काड्या दिसल्या. प्लास्टिक त्यांतच अडकत होतं, म्हणून मी कोयत्याने त्या छाटायला लागले.

जवळच चिखलातले निवट्या मासे पकडणाऱ्या म्हाताऱ्या कोळणीने येऊन माझं मनगटच धरलं. "अगो, नाकं कापतेस त्यांची! चिखलात हवा नाय. झाडं यातूनच दम घेतात."

आणि मी शाळेत विज्ञान शिकवत होते!

ती मात्र तिथेच बसली आणि नातीच्या केसांतला गुंता सोडवावा तसं एकेका काडीभोवतीचं प्लास्टिक हाताने सोडवू लागली. मग दर रविवारी ती आमच्या आधी हजर असायची. आम्हीही कोयता टाकून तिच्यासारखंच बसायला शिकलो.

पुढे आमचा सत्कार ठरला. तिला बोलवायला मी खाडीवर गेले, तर म्हणाली, "आता ओहोटी हाय, कामाचा वखत. तुम्ही जा."

आम्ही गेलो, शाली घेतल्या. त्या दिवशी नाक कापलं गेलं ते माझं.