दोन ते तीनचा तास

आमच्या चर्चच्या मंडळीत शुक्रवारी साखळी-प्रार्थना असते. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा जण, प्रत्येकाकडे एक तास. जो जिथे असेल तिथेच बसतो आणि तास संपला की पुढच्याला मिस्ड कॉल देतो. फोन उचलायचा नसतो. वाजला की समजायचं, आता आपण.

माझा तास दुपारी दोन ते तीन. माझ्या आधीचा तास एका मावशींचा. लोणारच्या बसस्टँडजवळ माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, त्या भाजी घेऊन बसतात. वीस पावलांवरून त्या मला मिस्ड कॉल द्यायच्या. एकदा मी म्हटलं, "मावशी, नुसता हात दाखवला तरी चालते ना."

"नेम म्हंजे नेम, भाऊ. बाकीचे फोन करतीन अन् मी काय माकडावानी हात हालवू?"

त्यांना वाचता येत नाही. सभेत आमच्यासारखे लोक वचनामागून वचन म्हणत लांबलचक प्रार्थना करतात. मावशींची सुरुवात ठरलेली असते: "प्रभू, तुले माहीत आहे, तरी सांगते." मग भाव करावा तसं सरळ सांगतात आणि आमेन म्हणून गप्प बसतात. याला मी मनात हसत असे, हेही इथे लिहायला हवं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पाळकसाहेबांना लकव्याचा झटका आला. हातपाय सुधारले, पण वाचा गेली. इतकी वर्षं ज्यांनी आमच्या आजारपणांत, लग्नांत, मातीला मोठ्याने प्रार्थना केली, ते उपासनेत पुढच्या खुर्चीवर नुसते बसून राहू लागले. एका शुक्रवारी सगळ्या साखळीला एकच विषय दिला गेला: त्यांना बोलता यावं.

त्या दिवशी दोन वाजता फोन वाजला. मी समोर बघून मान हलवली. पण दुकानात जानेफळकडचा एक शेतकरी जळालेली मोटर घेऊन आला होता. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. तरी तो म्हणाला होता, "मी चहा घेऊन येतो, तुमी आरामात करा." घाई त्याची नव्हती, माझीच होती. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती. मी तार भरायला बसलो. तांब्याच्या तारेचे वेढे मोजावे लागतात. मोजणी चुकली की मोटर पुन्हा जळते. मोजताना प्रार्थना होत नाही. तासभर एक शब्द झाला नाही. आणि तीन वाजता, एक मिनिटही न चुकता, मी पुढच्याला मिस्ड कॉल दिला.

रविवारी पाळकीणबाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. शुक्रवारी दुपारी पाळकसाहेब "पाणी" म्हणाले होते. स्पष्ट. त्यांनी घड्याळ पाहिलं, अडीच वाजले होते. सगळ्यांनी भिंतीवरच्या, कोणाचा तास कोणता ते लिहिलेल्या तक्त्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी मान खाली घातली. ते लोकांना नम्रपणाचं वाटलं.

पुढचे पाच आठवडे लोक दुकानात येऊ लागले. कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाच्या आईचा मोतीबिंदू. "तुमच्या प्रार्थनेले फळ आहे, भाऊ." मी ग्रीसचे हात पुसून त्यांच्यासाठी प्रार्थना करायचो आणि समोर भाजीवर पाणी शिंपडणाऱ्या मावशींकडे बघायचं टाळायचो.

पाळकसाहेब मात्र त्या एका शब्दापुढे गेले नाहीत. भूक लागली तरी पाणी, झोप आली तरी पाणी. एका रविवारी पाळकीणबाई सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी सकाळपासून तुम्हीच बसाल का? तुमच्याच तासात झालं होतं." त्यांचे डोळे भरले होते. त्या आशेवर अजून एक खोटं रचणं मला जमलं नाही. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मोटर, तार, मिस्ड कॉल.

पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. मग ते म्हणाले, "पाणी." पाळकीणबाई पेला घेऊन धावल्या. पाळकसाहेबांनी नकाराची मान हलवली आणि बोट माझ्याकडे केलं. तो पेला मी सगळ्यांदेखत प्यालो.

तेवढ्यात चटईवरून मावशी बोलल्या. "तो घंटा रिकामा नव्हता गेला. मी बसली होती. भाऊ तार गुंडाळून राह्यले, हे मले समोरून दिसत होतं ना. म्हटलं, साखळी तुटून राह्यली. मंग बसली पुन्हा. एवढा वेळ काही मले येत नाही, तेच तेच म्हटलं फिरून फिरून. मधात एक गिऱ्हाईक वांगे घेऊन गेलं."

बाहेर चपला घालताना मी त्यांना गाठलं. "मावशी, पाच आठवडे काऊन नाही सांगितलं?"

"माह्या सांगण्यानं काय झालं असतं? तुमी पडले असते तोंडावर. तुमच्या तोंडून निंगाले पायजे होतं."

"म्हंजे पाळकसाहेबाले तुमच्यामुळं शब्द आला."

त्या चिडल्या. "माह्यामुळं? देव काय तक्ता पाहून देते? त्याले द्यायचं होतं, त्यानं देल्लं." मग पिशवी उचलत म्हणाल्या, "पाळकसाहेबासाठी एकच घंटा बसली मी. तुमच्यासाठी हे पाच आठवडे रोज बसा लागे."

पाळकसाहेबांना आता चार-पाच शब्द येतात. पूर्ण वाक्य अजून नाही. येईल की नाही, मला माहीत नाही. शुक्रवारी दोनला फोन वाजतो, मी मशीन बंद करून शटर अर्ध्यावर ओढतो. खालून समोरच्या टोपल्या आणि मावशींचे पाय तेवढे दिसतात. मी डोळे मिटतो आणि त्यांचीच सुरुवात वापरतो. प्रभू, तुला माहीत आहे, तरी सांगतो.