चिंचेला टांगायचं मडकं
१४ नोव्हेंबर १९९१ रोजी श्रीरंगपट्टणात आमच्या खोलीचं एका मुक्कामाचं भाडं पस्तीस रुपये होतं. कावेरीत अस्थी सोडायला येणाऱ्यांना दलाल जवरप्पा बसस्टँडवर गाठून घरोघरी खोल्या मिळवून देई. अस्थींचं मडकं मात्र बाहेर चिंचेला टांगायचं, अशी इथली रीत. त्या दिवशी पावसात त्याने आणलेल्या एका म्हातारीने ते पिशवीतून आत आणलं.

आई कडाडली, “जवरप्पा, माझ्या घरात मसण आणलंस? डोळे फुटले होते का?”

“दिसलं होतं, अव्वा. मडक्यात लेक आहे तिचा. बाहेर भिजत ठेव म्हणून कसं सांगू?”

आईने भाडं परत केलं, घर धुतलं आणि गल्लीभर सांगितलं. जवरप्पाला पुन्हा कुणी खोली दिली नाही. वर्षभरात तो गाव सोडून गेला.

आधीच्या पाहुण्यांच्या दलालीचे त्याचे सहा रुपये अजून आमच्याकडे बाकी आहेत.