बरं होण्याचा धडा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मी इंग्रजीत काठावर होते. बाकीचे विषय घोकून मारून नेता येत होते, पण इंग्रजीची तोंडी परीक्षा होती आणि समोर कुणी बसलं की माझी बोबडी वळायची. मॅडमनी तोंडीसाठी एक धडा नेमून दिला होता: आजारातून उठत असलेला पेशंट आणि त्याची नर्स. रिकव्हर, इम्प्रूव्ह, ॲपेटाइट, कॉन्व्हलेसन्स. हा शेवटचा शब्द, म्हणजे दुखण्यातून उठण्याचा काळ, तर गोंदियाच्या होस्टेलवर आम्ही दाढ दुखत असल्यासारखा तोंड वाकडं करून म्हणायचो.

तोंडीच्या आधी सुट्टी लागली आणि त्याच सुट्टीत बाबा टायफॉइडमधून उठून दवाखान्यातून घरी आले होते. धान निघालं की दरवर्षी ते तिरोड्याकडे गवंडीकामाला जायचे, त्या वर्षी खाटेवर पडून होते. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ताप उलटला किंवा पोट दुखायला लागलं तर एक दिवसही घरी ठेवू नका, आतडं फुटू शकतं. मला सांगितलं, कारण घरात दवाखान्याचं कळणारी मीच. मलाही ते फार आवडलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते मी.

आमच्या गावात आजारी माणूस स्वतःच्या तोंडानं बरा आहे असं म्हणत नाही. म्हटलं की दुखणं उलटतं, अशी समजूत. विचारणाराही तसं विचारत नाही. तो विचारतो, पेजेवर आहे की भातावर? पातळ पेजेवरून मऊ भातावर आणि मऊ भातावरून लाखोरीच्या वरणाबरोबरच्या मोकळ्या भातावर माणूस आला की गावाच्या लेखी तो उठला. बाबा बुद्धविहारात अंधश्रद्धेवर तावातावानं बोलणारे, नजर-बिजर मानणाऱ्यांची टर उडवणारे. पण शेजारच्या काकांनी दारातून हाक दिली की तेही म्हणायचे, "हाय गा तसाच."

मला सरावाला पेशंट हवा होता आणि खाटेवर पेशंट तयार होता. मी सकाळी पुस्तक घेऊन त्यांच्या पायथ्याशी बसायची. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. दोन दिवसांत त्यांनी माझ्याआधी धडा पाठ केला. हाऊ आर यू फीलिंग टुडे? आय ॲम फीलिंग मच बेटर, सिस्टर. हाऊ इज युवर ॲपेटाइट? इट इज इम्प्रूव्हिंग, सिस्टर. मला 'सिस्टर' म्हणताना ते हात जोडायचे आणि मी हसले की चिडायचे. परीक्षेत अशीच हसशील का, म्हणायचे. मी अडखळले तर डोळे मिटून वाट बघायचे, पण उत्तर कधी पुढे करायचे नाहीत.

मला वाटलं, मराठीत म्हणायला जीभ रेटत नाही ते बाबा इंग्रजीत मोकळेपणानं म्हणतायत. नजरेला इंग्रजी कुठे येतं, असा विनोदही मी केला होता. आईला तो आवडला नाही.

आठवड्याभरानं आई म्हणाली की बाबा मऊ भातावर आले होते ते पुन्हा पेजेवर गेलेत आणि पेजही अर्धी ठेवतायत. मी तिला समजावलं की भूक हळूहळू येते. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की दुपारी अंग तापतं. मी सकाळी कपाळाला हात लावायची, ते थंडच असायचं, आणि दुपारी मी मैत्रिणीकडे अभ्यासाला. तरी मी आईसमोरच बाबांना विचारलं, एनी फीव्हर? नो फीव्हर, सिस्टर, मच बेटर. मी आईकडे असं बघितलं, जणू मी खटला जिंकले होते.

आई म्हणाली, "तुह्या पुस्तकातलं नोको सांगू मले. ताट पाहून राहिली मी रोज."

मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. माझ्या आईला मी असं म्हटलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाला तिनं जेवायला वाढलं, त्याच्याबद्दल म्हटलं. ती चुलीकडे गेली. पोराला शिकवलं की आईबाप त्याचं ऐकायला लागतात, यातला धोका तेव्हा मला ठाऊक नव्हता.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी सरावाला बसले तर बाबा कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन पडलेले. मी हाऊ आर यू म्हटलं. त्यांनी उत्तर दिलं, पूर्ण दिलं, सिस्टरसकट, पण ओठ पांढरे पडले होते. पोटाला हात लावला तर ते फळीसारखं घट्ट लागलं. तेवढं मात्र मला शिकवलेलं होतं.

गावातली जीप करून गोंदियाला नेलं. आतडं फुटलं होतं. डॉक्टरांनी विचारलं की दुखणं कधीपासून, आणि मी बाबांकडे बघितलं. त्यांनी चार बोटं वर केली, चार दिवस. ताप? त्याहून आधीपासून. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

ऑपरेशनची तयारी होईपर्यंत मी स्ट्रेचरजवळ उभी होते. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, त्यांचा. मी विचारलं, "बाबा, दुखून राहिलं होतं तर मले काऊन नाही सांगितलं? मी रोज तर विचारत होती."

"तू इंग्रजीत विचारत होतीस ना, बाई," ते म्हणाले. त्यांना धाप लागत होती. "तुह्या परीक्षेचं होतं. म्या चुकीचं उत्तर कसं देऊ?" मग धडा विचारावा तसं त्यांनी विचारलं, "बरा नाही, याले काय म्हनतेत? ते तू शिकवलंच नाही."

मला तो शब्द येत होता. तरी मी म्हटलं, आता बोलू नका. त्यांना आत नेलं. ऑपरेशन झालं, पण विष अंगभर पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

तोंडी परीक्षेत मी पास झाले. दुखणं वाढल्याचं पेशंट कसं सांगतो, ते सगळं त्या धड्याच्या पुढच्याच पानावर दिलेलं होतं. परीक्षेला येणार नाही म्हणून मी ते पान सोडून दिलं होतं.