ताडकळस ते मोंबासा: नंदाच्या नावाचे चेक

मोंबासाला जायचं नंदानं ठरवलं, मी फक्त सोबत गेलो. हे आधीच सांगून टाकतो. ताडकळसच्या बाजारात लोक मलाच ‘आफ्रिका बघून आलेला’ म्हणतात आणि तिचं नाव कुणी घेत नाही.

नंदा म्हणजे महानंदा, माझी धाकटी बहीण. तिचा नवरा विश्वनाथ पूर्णा जंक्शनला इंजिनाच्या शेडमध्ये फिटर होता. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच त्याला मोंबासाच्या रेल्वे कारखान्यात काम मिळालं. तो गेला आणि नंदा आमच्याकडे आली. वर्षभरात तिला बोलावून घेतो म्हणाला होता. त्यासाठी लागणारा तिकडच्या सरकारचा कागदही त्यानं पाठवला. मग पत्रं उशिरा येऊ लागली, आखूड झाली, आणि शेवटच्या दीड वर्षात तर अक्षरच बदललं. ‘इकडची हवा तुला मानवणार नाही, येऊ नकोस’ एवढंच त्यात असायचं. आमच्या मायनं त्याचा एकच अर्थ लावला. मीही तोच लावला, फक्त बोललो नाही.

पाचव्या वर्षी संक्रांत झाल्यावर नंदा दुकानात आली. मी कापड मोजत होतो. ती म्हणाली, “दादा, मी जाणार हाय. तू संगं येतूस का?”

मी गज खाली ठेवला. तिनं हातातल्या पाटल्या काढून समोर ठेवल्या. आमच्या वडलांनी, आपांनी, तिच्या लग्नात घातलेल्या होत्या त्या. मोडून दे, म्हणाली.

आता ज्यांना अशा वाटेनं जायचं आहे त्यांच्यासाठी पैशाची गोष्ट नीट सांगतो, कारण आमचा अर्धा महिना त्यातच गेला. आपला हाली रुपया निजामाच्या हद्दीबाहेर चालत नाही. इंग्रजांचा कलदार रुपया मनमाडपासून पुढं चालतो, पण मोंबासात शिलिंग. मग पैसा न्यायचा कसा? सोनं अंगावर घालून जा, असं माय म्हणाली. परक्या गावात सोनं मोडायला गेलेल्या बाईला कोण सरळ भाव देईल? परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एक ओळखीचे शेठ हुंडी द्यायला तयार होते. पण त्यांची हुंडी मुंबईपर्यंतच वटायची. तिसरा मार्ग कलदार नोटा कमरेला बांधायचा. पाणी लागलं, चोर लागला, की संपलं.

चौथा मार्ग त्या शेठजींच्या मुनिमानं सांगितला. मुंबईत बँकेत आधी पैसे भरायचे आणि प्रवासी चेक घ्यायचे. घेताना प्रत्येकावर एक सही करायची, परमुलखात वटवताना त्यांच्यासमोर दुसरी. दोन सह्या जुळल्या तरच पैसे. हरवले तर नंबर सांगून भरपाई मागता येते. मी विचारलं, नवऱ्यानं मागितले तर? मुनीम चष्म्यावरून बघत म्हणाला की ज्याची सही त्याचा पैसा, नवरा असो की राजा.

मला तेच हवं होतं. माणूस कसा निघेल ठाऊक नव्हतं. तिला पोचवून मी आठ दिवसांत परतणार होतो. तिला कधी परत यावंसं वाटलं, तर भाड्यासाठी कुणापुढं हात पसरायची वेळ येऊ नये.

अडचण एकच होती. नंदाला सही येत नव्हती. मी परभणीच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, उर्दू शिकलो, दुकानात मोडी लिहितो, पण घरातल्या पोरींना पाटी कुणी दिली नव्हती. मग रोज दुपारी दुकानाची फळी अर्धी लावून मी तिला बाळबोधीत ‘महानंदा’ गिरवायला लावलं. ‘हा’ला ती फार वैतागायची. तीन आठवड्यांनी ते अक्षर तिच्या हातात बसलं. पासपोर्टासाठी हैदराबादला इंग्रजांच्या रेसिडेन्सीत दोन चकरा झाल्या, तोवर तिनं चुलीपुढची जमीन आपल्या नावानं भरून टाकली होती.

माघ सरता सरता निघालो. बैलगाडीनं परभणी, तिथून सकाळची मनमाडची गाडी. शिदोरीला ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि लसणाचा ठेचा. भाकरी कडक भाजून घ्या, दहा दिवस टिकते. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, माणूस डब्यात चढला. त्यानं आमचं गाठोडं सोडलं, भाकरी मोजल्यासारख्या बघितल्या आणि कुठं निघायलाय म्हणून विचारलं. आफ्रिका म्हटल्यावर गाठोडं त्यानं स्वतः परत बांधून दिलं.

मनमाडला नंदानं चहावाल्यापुढं हाली नाणं धरलं. त्यानं ते उलटंपालटं करून परत दिलं. ती नाण्याकडं बघत राहिली. “दादा, आपला रुपया हितं मुका झाला की.”

फलाटावरच सराफ बसतात, पण घाई करू नका. सहा कलदाराला सात हाली हा सरासरी भाव. फलाटावरचा माणूस वर बट्टा लावतो. चहापुरते तिथं बदला, बाकीचे मुंबईत पेढीवर.

मुंबईत आम्ही धर्मशाळेत पाच दिवस राहिलो. देवीची लस टोचून घेतली, जहाजाचं डेकचं तिकीट काढलं, माझं जायचं-यायचं, तिचं फक्त जायचं. तिकीटवाल्यानं तेवढं दोनदा विचारून घेतलं. मग फोर्टातल्या एका बँकेत गेलो. एवढ्या उंच छताखाली नंदा पहिल्यांदाच उभी राहिली होती. कारकुनानं आधी मलाच कागद दिले. मी म्हटलं, चेक माझ्या बहिणीच्या नावाचे. तो आत जाऊन साहेबाला विचारून आला. सही कोणत्याही लिपीत चालेल, म्हणाला, पण दरवेळी सारखीच हवी, आणि अंगठा चालणार नाही.

पाच-पाच पौंडांचे आठ चेक, एका पौंडाचे तिकडं वीस शिलिंग. नंदानं आठ वेळा ‘महानंदा’ लिहिलं. मागं रांग लागली होती, पण ती एकेक अक्षर शांतपणे काढत होती. शेवटचा झाल्यावर तिनं टाक पुसून जागेवर ठेवला. बँकेचं वर थोडं कमिशन पडतं, ते मुकाट्यानं द्या. चेकांचे नंबर मी वेगळ्या कागदावर उतरवून माझ्या कोटात ठेवले. चेक तिच्याकडं, नंबर माझ्याकडं. दोन्ही एका पिशवीत ठेवायचे नाहीत, हे विसरू नका.

समुद्राचं काय सांगू? नऊ दिवस पाणी. डेकवर चटई टाकायची, जागा पहिल्याच तासाला धरायची. शिडीजवळ बसू नका, तिथं सगळ्यांचे पाय लागतात. हिंदू प्रवाशांसाठी स्वयंपाक वेगळा असतो. वरण-भात बरा, पोळी वातड. नंदाला तिसऱ्या दिवशी बोट लागली ती उतरलीच नाही. लिंबू चोखायची आणि पडून राहायची. तरी सकाळी उठून बसायची, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पेलाभर पाण्यात पूजा करायची, कपाळाला भस्म लावायची आणि पुन्हा आडवी व्हायची. एकदा मी न राहवून विचारलं, तिथं गेल्यावर दुसरंच काही दिसलं तर काय करशील? तिनं लिंबू बाजूला ठेवलं. मग म्हणाली की बघितल्याबिगर पाच वर्षं काढली, आता बघून काढीन.

मोंबासाला सकाळी उतरलो. धक्क्यावर मोठी पत्र्याची शेड, तिथं गोरा अधिकारी आणि त्याच्याशेजारी हिंदी बोलणारा एक पारशी दुभाष्या. नंदाचा कागद त्यांनी बघितला. नवरा कुठंय, विचारलं. आम्ही जहाजाची तारीख कळवली होती. शिपायानं दारात जाऊन विश्वनाथचं नाव तीन वेळा पुकारलं. कुणी पुढं आलं नाही.

दुभाष्यानं समजावलं की घ्यायला कुणी नसेल तर बाईच्या नावानं दोनशे शिलिंगांची अनामत भरावी लागेल, नाहीतर याच जहाजानं परत. शेडमध्येच बँकेचं टेबल होतं. नंदा तिथं गेली, पिशवीतून पहिला चेक काढला आणि सही केली.

कारकुनानं दोन्ही सह्या बघितल्या आणि नकाराची मान हलवली. सहा-सात दिवस पोटात अन्न नव्हतं, तिला टाक धड धरवत नव्हता. ‘हा’ मोडला होता, ‘नं’वरचं टिंब भलतीकडं गेलं होतं. ही सही ती नाही, तो म्हणाला. मी पुढं होऊन तिचा हात धरायला गेलो तर त्यानं मला दोन पावलं मागं उभं केलं. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर एकही चेक वटवणार नाही, असं दुभाष्याकडून सांगितलं.

सारा बेत माझा होता. नोटा आणल्या असत्या तर आत्ता मोजून दिल्या असत्या, असं मनात आलं.

नंदानं पाणी मागितलं. प्याली, तिथंच जमिनीवर मांडी घालून बसली. गुडघ्यावर बोटानं नाव गिरवलं, एकदा, दोनदा. घरी चुलीपुढं बसायची तशीच बसली होती. मग उठून दुसरा चेक घेतला आणि लिहिलं. कारकुनानं तो उजेडाकडं धरला. मग पहिला चेकही पुन्हा तिच्यापुढं सरकवला आणि त्या सहीखालीच नीट सही करून घेतली. दोनशे शिलिंग त्यानं माझ्या नाही, तिच्या हातात मोजून दिले.

अनामत भरून आम्ही बाहेर आलो. कुंपणाच्या तारेपलीकडं आंब्याच्या झाडाखाली एक माणूस उभा होता. वाळला होता, मिशीत पांढरं आलं होतं. उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला. मी ओळखायच्या आत नंदा थांबली होती.

तो विश्वनाथ होता. सकाळपासून तिथंच होता, नाव पुकारलेलंही त्यानं ऐकलं होतं. मी रागानं पुढं झालो, तेवढ्यात त्यानं उपरणं बाजूला केलं. मनगटाच्या पुढं काही नव्हतं. कारखान्यात यंत्रात गेला, दीड वर्ष झालं. पत्रं तेव्हापासून शेजारचा कोकणातला एक कारकून लिहून देत होता.

“आदी तुला बघू द्यावं म्हणलं,” तो नंदाला म्हणाला. “हात बघून माघारी जावंसं वाटलं तर... माझ्या नावानं तू उतरली असतीस, तर हितंच अडकली असतीस.”

नंदानं त्या हाताकडं बघितलं. नीट, वेळ घेऊन बघितलं. आणि विचारलं, “जेवलाव का तुमी?”

तो जेवला नव्हता. आम्ही कुणीच जेवलो नव्हतो.

त्याची खोली हिंदी वस्तीत होती, नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेली. कारखान्यानं त्याला दारावर कामगारांना हजेरीचे बिल्ले वाटायचं काम दिलं होतं. पगार निम्मा, पण नोकरी होती. दुसऱ्या दिवशी तो साहेबापुढं हजर झाला आणि अनामत सुटली. मोंबासात खायची चिंता करू नका. गुजराती दुकानांत डाळ, मिरची, गूळ सगळं मिळतं, आणि ज्वारीसुद्धा. तिकडं तिला म्तामा म्हणतात, पीठ तांबूस पडतं. नंदानं पहिली भाकरी थापली तेव्हा विश्वनाथ दाराशी बसून नुसता आवाज ऐकत होता. पाच वर्षांत तो आवाज कानावर पडला नव्हता, असं तो नंतर मला म्हणाला. डाव्या हातानं भाकरी मोडायला त्याला वेळ लागायचा. तिनं मोडून दिली नाही. तीही आपली सावकाश जेवायची.

आठ दिवस मी त्या घरात राहिलो. निघायच्या आदल्या दिवशी विश्वनाथनं मला बाजूला घेऊन सांगितलं की ते उरलेले चेक तिच्याकडंच राहू द्या, मी त्यांना हात लावणार नाही. मी काही बोललो नव्हतो. माझ्या मनातलं त्याला कळलं होतं, आणि मला लाज वाटली. नंदाला विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, “जायासाठी न्हाई ठेवले. पण असू दे.”

चेक वटवले नाहीत तर वाया जात नाहीत, हेही लिहून ठेवतो. आणि लाज वाटली तरी माझा सल्ला बदललेला नाही. तुमच्या घरची बाई दूर निघाली असेल, तर पैसा तिच्या सहीचा करून द्या. माणूस चांगला निघाला तर त्याला त्याचं वाईट वाटणार नाही.

परतीचे नऊ दिवस, मुंबई, मनमाड, करोडगिरी. ताडकळसला पोचलो तेव्हा माय ओसरीवर ज्वारी निवडत होती. नंदा बरी हाय, एवढं आधी सांगितलं. मग हाताचं. मायचं सूप थांबलं.

“कोन्ता?”

“उजवा.”

पत्रं आखूड झाल्यापासून रोज दिवेलागणीला ती त्याला शिव्याशाप देत आली होती. “मी त्येला लय वंगाळ बोलले रे रुद्रा,” ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून एकेक विचारू लागली. खोली केवढी, पाणी कुठून आणते, शेजार कसा. सगळ्यात शेवटी विचारलं, की निघताना धक्क्यावर आला होता का जावई, त्यानं हात केला का.

मी म्हटलं, न्हाई केला.

मायनं सूप खाली ठेवलं. मग मी तिला सांगितलं. जहाज सुटलं तेव्हा ऐन दुपार होती, ऊन डोक्यावर आलेलं. दोघं धक्क्याच्या टोकाला उभे होते. नंदा दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती. त्याच्या उरलेल्या एका हातात छत्री होती. ती त्यानं नंदावर धरली होती.