वाईट नाही म्हणजे चार

आर्डिस टोलेफसन फोन उचलण्याआधी हात पुसते. हात कोरडे असले तरी.

कुणाकडे गेली की कोट काढत नाही. "मी काही थांबत नाहीये," असं म्हणून दोन तास कोटातच बसते.

ताटलीतलं शेवटचं बिस्कीट कधीच घेत नाही. त्यातलं अर्धं घेते. मग उरलेल्या अर्ध्यातलं अर्धं.

रांग दिसली की माणसं मोजते. ओठ हलतात, आवाज येत नाही.

आणि खिशात कपड्यांचे लाकडी चिमटे बाळगते. घरी कपडे वाळवायचं यंत्र आहे. चिमटे पिकलबॉलसाठी आहेत.

उत्तर मिनेसोटातल्या नॉरस्टाड गावात आर्डिसने चौतीस वर्षं शाळेच्या खानावळीत स्वयंपाक केला. आज गावात पंचावन्नच्या आतलं जे कुणी आहे, ते तिच्या हातचं जेवून मोठं झालेलं आहे. या चौतीस वर्षांत ती एक गोष्ट पक्की शिकली. "थोडंच वाढा" म्हणणारं पोर भुकेलं असतं. "चालेल तेवढं" म्हणणारं फार भुकेलं असतं. आणि "मला नकोच" म्हणून जे तिथेच उभं राहतं, त्याला दोनदा वाढायचं आणि दुसरीकडे बघायचं.

गावात पिकलबॉल, म्हणजे फळीसारख्या पॅडलने जोडीजोडीने खेळायचा टेनिससारखा खेळ, आला तेव्हा ती निवृत्त झाली होती. जाळीलगतच्या ज्या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही, त्याला या खेळात स्वयंपाकघर म्हणतात. हे ऐकल्यावर ती म्हणाली, "स्वयंपाकघरात हवेत हात चालवायचे नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको." आणि खेळायला लागली.

गावाची स्पर्धा दर जानेवारीत शाळेच्या जिममध्ये होते. गेल्या वर्षी ती हार्लन ब्रेक्केने भरवली होती. हार्लन सज्जन माणूस. इतका सज्जन, की खेळाडूंची नावं पुकारायची तर तो कुजबुजतो. लोक बोलत असताना मध्येच ओरडायचं कसं, हा त्याचा प्रश्न. तेव्हा निम्म्या लोकांना आपली पाळी आल्याचं ती गेल्यावर कळलं.

पण खरा घोळ फॉर्ममध्ये झाला होता. फॉर्मवर प्रत्येकाने आपला दर्जा लिहायचा होता. नवशिक्याचा अडीच, मग तीन, साडेतीन, आणि पट्टीच्या खेळाडूचा चार. इतर गावांत म्हणे लोक सोपी बक्षिसं मिळवायला दर्जा मुद्दाम कमी लिहितात. नॉरस्टाडमध्ये ती लबाडी नाही. इथे स्वतःला चार म्हणवून घ्यायची लाज वाटते. चव्वेचाळीस जणांनी फॉर्म भरले. बेचाळीस जणांनी अडीच लिहिलं. उरलेल्या दोघांनी रकाना कोरा ठेवला, कारण अडीच म्हणजे जरा फुशारकीच.

म्हणून सगळे एकाच गटात पडले. शहात्तर वर्षांचा ऑर्विल हाउगेन साडेतीन तास बाकावर बसला आणि मग त्याचा आणि ऐनवेळी मिळालेल्या जोडीदाराचा सामना स्कोगलुंड भावांशी लागला. ड्वेन आणि कर्ट. दोघंही हॉकीचे प्रशिक्षक, दोघंही अडीच. नऊ मिनिटांत अकरा–शून्य. ऑर्विलने हात मिळवला, "छान खेळलात पोरांनो" म्हणाला, सगळ्यांबरोबर खुर्च्या आवरल्या आणि घरी गेला. त्यानंतर तो जिममध्ये फिरकला नाही.

ऑर्विल आर्डिसचा शेजारी. तिचा नवरा होता तोवर ऑर्विल आणि तो जोडीने खेळायचे. आता मंगळवारी सकाळी सगळे जिमला जातात तेव्हा ऑर्विल गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असतो. पॅडलने. आर्डिसने हे स्वतःच्या खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी तिने हार्लनला फोन केला. आधी हात पुसले.

"हार्लन, यंदा स्पर्धेचं मी बघू का? तुझी काही हरकत नसेल तर."

"अगं, तू घे ना. मी उगाच अडवून बसलो होतो."

"तसं नाही. तू छानच केलंस."

"नाही गं, फारच गचाळ झालं."

"गचाळ नाही. वेगळं झालं."

असं वीस मिनिटं चाललं. नॉरस्टाडमध्ये याला सत्तांतर म्हणतात.

आर्डिसने फॉर्ममधून दर्जाचा रकाना काढून टाकला. त्या जागी एकच प्रश्न घातला: तुमचा मागचा सामना कसा झाला? उत्तरं आली तशी ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली आणि तिने एक तक्ता केला.

"वाईट नाही" म्हणजे चार.

"वाईट नाही, पण जोडीदार चांगला होता" म्हणजे चार, आणि जोडीदार तीन.

"याहून वाईट होऊ शकला असता" म्हणजे साडेतीन.

"मजा आली" म्हणजे तीन.

"मस्त! जिंकलो!" म्हणजे अडीच. कारण जिंकल्याचं बोलून दाखवू नये, हे त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही.

तक्त्याखाली तिने एक टीप लिहिली: टेक्सासहून आलेल्या दातांच्या डॉक्टरला हा तक्ता लागू नाही. तो म्हणतो तसंच असतं.

तक्ता बघून हार्लनने डोकं खाजवलं. "हे बरोबर आहे का गं?"

"तू काय लिहिलं होतंस?"

"याहून वाईट होऊ शकला असता."

"आणि तू किती?"

हार्लनने इकडेतिकडे पाहिलं. मग कुजबुजला, "साडेतीन."

बाकी नियम तिने खानावळीतूनच घेतले. तीन कोर्ट, तीन गट (तीन आणि साडेतीन एकत्र), प्रत्येक कोर्टाची एक दोरी. दोरीवर नावांचे चिमटे, पाळीच्या क्रमाने. ज्याचा चिमटा पहिला, त्याने कोर्टवर जायचं. कुणी पुकारायचं नाही, कुणी विचारायचं नाही. आणि मुख्य नियम: प्रत्येक जोडीला तीन सामने मिळालेच पाहिजेत. पहिल्याच फटक्याला कुणी घरी जायचं नाही. शेवटी पहिल्या, म्हणजे चारच्या गटातल्या वरच्या दोन जोड्यांची फायनल.

एवढं करून ती ऑर्विलकडे गेली. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात भट्टीतून काढलेला हॉटडिश, खाली खिमा आणि भाज्या, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे.

"फॉर्म आणलाय, ऑर्विल."

"नको गं. कशाला कुणाची जागा अडवायची?"

हे पहिलं नको. ते धरायचं नसतं.

"जागा भरपूर आहे."

"माझा खांदाही धरतो हल्ली."

दुसरं.

"सगळ्यांचेच धरतात. या गावात खांद्यापासून खालचं काही दुखत नसेल तो माणूस दाखव मला."

"नको, आर्डिस."

तिसरं. आता चौथ्यांदा विचारायचं आणि त्याने, "बरं, तू एवढी म्हणतेस तर," असं म्हणायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. आर्डिसने विचारलं.

"नको," ऑर्विल म्हणाला. "हॉटडिश मात्र ठेव."

आर्डिस अंगणात येऊन उभी राहिली. चौथं नको तिने आयुष्यात दोनदाच ऐकलं होतं. तरी घरी गेल्यावर तिने एका चिमट्यावर त्याचं नाव लिहिलं आणि तो एप्रनच्या खिशात टाकला.

स्पर्धेच्या सकाळी तापमान उणे एकतीस होतं. जिम दुपारी एकपर्यंतच मिळालं होतं, नंतर पोरांच्या कुस्त्या. आर्डिस सातला पोचली तर दारात ऑर्विल उभा.

"खुर्च्या मांडायला आलो," तो म्हणाला. "खुर्च्यांना माणूस लागतोच."

त्याच्या काखेत पॅडल होतं.

"आणि ते?"

"दार अडवून धरायला. वाऱ्याने आपटतं."

आर्डिसने दाराकडे पाहिलं. दार आपोआप बंद होणारं होतं आणि त्याला चांगली पितळी कडी होती. तिने दुसरीकडे बघितलं.

साडेआठला फोन आला. अडीचच्या गटातल्या एका जोडीचा पिकअप थंडीने गोठला होता, ते येत नव्हते. राहिल्या सात जोड्या. सात जोड्या, प्रत्येकीला तीन सामने, म्हणजे एकवीस. सामन्याला दोन जोड्या लागतात आणि एकवीसचे दोन भाग होत नाहीत. कुणा एका जोडीला दोनच सामने मिळणार.

आर्डिसने हे सांगितलं मात्र, सातही जोड्या उठल्या.

"आम्ही बसतो."

"छे, तुम्ही लांबून आलात. आम्ही बसतो."

"आमचे गुडघे तसेही..."

"आमचे गुडघे तुमच्याहून वाईट आहेत!"

नॉरस्टाडमध्ये एवढं कडाक्याचं भांडण कुणी पाहिलं नव्हतं. दहा मिनिटं गेली. एकही चेंडू उडाला नाही. आर्डिस तिसऱ्या दोरीसमोर उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते. चौदा माणसं. पुन्हा मोजलं. चौदाच. हे असंच चाललं तर सगळी स्पर्धा पुन्हा गेल्या वर्षीसारखी होणार होती, आणि बघायला ऑर्विल तिथेच खुर्ची घेऊन उभा होता.

त्याने खुर्ची खाली ठेवली.

"आठवी जोडी असली तर मिटेल?"

"मिटेल."

"नसली तर लोकांची गैरसोय?"

"मोठी गैरसोय, ऑर्विल."

"मग मी उभा राहतो. नुसता उभा."

आर्डिसने खिशातून चिमटा काढून दोरीला लावला. ऑर्विलने चष्मा वर करून पाहिलं.

"यावर माझं नाव आधीच लिहिलेलं आहे."

"शाई लवकर वाळते."

"हं. आणि माझा जोडीदार कोण?"

याचा विचार आर्डिसने केला नव्हता. तक्ता केला, दोऱ्या बांधल्या, सामने मोजले. जिममधल्या प्रत्येकाला जोडीदार होता. एप्रन घातलेली एक बाई सोडून.

"हार्लन," ती म्हणाली, "दोऱ्या सांभाळ."

"मी?"

"पुकारायचं नाहीये. फक्त चिमटे सरकवायचे."

पहिला सामना ते अकरा–चार हरले. ऑर्विल खरंच नुसता उभा होता. दुसरा अकरा–सात हरले. त्यात तो तीनदा पळाला, आणि पळाल्याबद्दल तीनदा माफी मागितली. शेजारच्या दोन्ही कोर्टांवर चिमटे सरकत होते. कोण किती चांगला, हे कुणालाही बोलून दाखवावं लागलं नाही. तक्त्याने आपलं काम केलं होतं.

तिसरा सामना दहा–दहावर आला. दोन गुणांनी जिंकायचं असतं, म्हणून तो पुढे चालू राहिला. तेवढ्यात पलीकडून हार्लन आला आणि रेषेबाहेरून कुजबुजला.

"आर्डिस, तिकडे पहिल्या गटाची फायनल खोळंबलीय. त्यांचे चिमटे सापडत नाहीत."

चिमटे सापडणार कसे? फायनलचे म्हणून तिने मधल्या वेळात काढून ठेवलेले चारही एप्रनच्या खिशात होते, आणि एप्रन आर्डिसच्या अंगावर. पहिल्या कोर्टाजवळ स्कोगलुंड भाऊ, लव्होन मायरे आणि तिची सून रिकाम्या दोरीखाली हात बांधून उभे होते. दोरीवर चिमटा नाही म्हणजे कोर्टवर जायचं नाही. नियम म्हणजे नियम.

"तुझ्यामुळे फायनल अडकली," ऑर्विल म्हणाला.

"अडकू दे."

हे शब्द तिच्या तोंडून याआधी कुणी ऐकले नव्हते. हार्लन तर दोन पावलं मागे सरला.

अकरा–अकरा. चेंडू स्वयंपाकघराच्या कडेला आला. आर्डिस थांबली, टप्पा पडू दिला आणि हळूच जाळीपलीकडे ठेवला. बारा–अकरा. पुढचा चेंडू ऑर्विलकडे आला. तो या वेळी उभा राहिला नाही. पुढे धावला, मारला, आणि माफी मागायला विसरला.

तेरा–अकरा.

हात मिळवून झाले. आर्डिस धापा टाकत होती.

"कसं झालं?" तिने विचारलं.

ऑर्विलने पॅडल बाहीला पुसलं. जिमच्या घड्याळाकडे पाहिलं, मग छताकडे.

"वाईट नाही," तो म्हणाला.

आर्डिसने पटकन दुसरीकडे बघितलं. एप्रनला हात पुसले. ते पुसून होईपर्यंत एक वाजला होता आणि दारातून कुस्तीच्या गाद्या आत यायला लागल्या होत्या.

फायनल राहिली ती राहिलीच. कोण जिंकलं असं विचारलं तर स्कोगलुंड भाऊ म्हणतात लव्होन आणि तिची सून, आणि त्या दोघी म्हणतात स्कोगलुंड भाऊ. आर्डिस म्हणते, या मंगळवारी घेऊन टाकू. पण मंगळवारी ऑर्विल तिच्या आधीच येऊन बसलेला असतो, आणि जोडीदाराला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. चार चिमटे अजून तिच्या एप्रनच्या खिशात आहेत.